सात नंबरचा कॉम्प्युटर

देवळीत यवतमाळ रोडपासून जरा आत आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. आम्ही नवरा-बायको मिळून तो चालवतो. सकाळी टायपिंग आणि बेसिकच्या बॅच, दुपारी ऑनलाइन फॉर्म भरायला येणारी माणसं, मगरिबच्या आधी पुन्हा एक बॅच. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही दोघांनी वर्ध्याला जाऊन तो कोर्स केला. आमचं शिक्षण एवढंच. बाकी जे येतं ते मुलांना शिकवता शिकवता आलेलं.

क्लासमध्ये १२ कॉम्प्युटर आहेत. सात कंपनीचे, तेही नागपुरातून सेकंडहँड आणलेले. उरलेले पाच असेंबल केलेले, म्हणजे मदरबोर्ड एकाचा, कॅबिनेट दुसऱ्याचं, असे. प्रत्येकाच्या कॅबिनेटवर आम्ही स्केचपेनने नंबर लिहून चिठ्ठी डकवली होती. आत विंडोजमध्येही तीच नावं, पीसी-१ ते पीसी-१२. चिठ्ठीवरचा नंबर आणि आतलं नाव एकच असणार, याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात उन्हाने म्हणा, लाइटच्या चढउताराने म्हणा, ४ नंबरची हार्ड डिस्क गेली आणि ७ नंबरचा पॉवर सप्लाय. दुरुस्तीवाल्याने ७ ची चांगली डिस्क काढून ४ मध्ये घातली. ७ साठी नवी डिस्क आणली आणि १० नंबरची नक्कल तिच्यावर उतरवली. दोन्ही मशीन चालू झाले, आम्ही पैसे दिले, तो गेला. त्या दिवसापासून ४ ची चिठ्ठी असलेल्या कॅबिनेटच्या आत पीसी-७ राहत होता आणि ७ च्या आत दुसरा पीसी-१०. आम्हाला पत्ता नव्हता. कॉम्प्युटरचं नाव डिस्कवरच्या विंडोजमध्ये लिहिलेलं असतं, डब्यावर नाही. डिस्क हलली की नाव तिच्याबरोबर चालायला लागतं. हे आम्हाला जुलैत कळलं आणि फार महागात कळलं.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एका भावाची मुलगी बारावी झाली होती. घर पिंजाऱ्यांचं. आजोबा गावोगाव फिरून गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. पुढच्या शिक्षणासाठी जात पडताळणीची फाईल करायची होती. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी ही फाईल केली असेल त्यांना ठाऊक आहे, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. या घरात तसा एकच कागद होता, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीजचा उतारा. त्या एका कागदावर सगळ्या खानदानाची नातवंडं उभी. आम्ही तो स्कॅन केला, बाकी कागदांसह फाईलमध्ये ठेवला आणि समोर स्क्रीनवर जे नाव दिसत होतं ते रजिस्टरमध्ये लिहिलं, "पीसी-७". मूळ उतारा त्याच संध्याकाळी आर्वीला गेला, कारण तिथे फुफीच्या मुलाचीही फाईल चालू होती.

तीन दिवसांनी ४ नंबरचा कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला. आम्ही भाच्याला सांगितलं, "४ नंबर फॉरमॅट मारून टाक. ७ मध्ये त्या पोरीची फाईल आहे, त्याला हात लावू नको." भाच्याने चिठ्ठी वाचली, ४ नंबर पुसला, नवीन विंडोज टाकलं. ७ ला हात लावला नाही. त्याने सांगितलं ते शब्दशः केलं, हे आम्ही आजही त्याला ऐकवतो, पण तो पोरगा कितीतरी दिवस क्लासमध्ये खाली मान घालून यायचा.

दुसऱ्या दिवशी फाईल भरायची शेवटची तारीख. मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. ७ उघडला, काही नाही. एकेक करत सगळे १२ उघडले. डिलीट झालेल्या फाईल परत आणणारं सॉफ्टवेअर लावलं. त्यातून दोन फोटो आले, तेही दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचे. आर्वीला फोन केला तर उतारा तिकडच्या फाईलबरोबर कार्यालयात जमा झालेला. तो हातात यायला ११ दिवस लागले. तारीख निघून गेली. तिच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे हाय म्हणून म्या निश्चिंत होतो जी." पहिल्या वर्षाची फी खुल्या प्रवर्गाची भरावी लागली. त्यासाठी त्या घरातल्या बांगड्या गहाण गेल्या. दुसऱ्या वर्षापासून सवलत लागली, पण पहिल्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच.

आमची मोठी मुलगी नागपूरला डिप्लोमा करते. बकरी ईदला येऊन गेली होती. हे ऐकल्यावर पुढच्या शनिवारी पुन्हा आली. (२०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, देवळीला स्टेशन आलं, पण तिची वेळ काही गाडीशी जुळत नाही. ती वर्ध्यापासून बसनेच येते.) तिने आधी सगळ्या चिठ्ठ्या आणि आतली नावं ताडून पाहिली. १२ पैकी पाच जुळत नव्हती. मग म्हणाली, "अम्मी, नंबर आपण दिलेला आहे. मशीनला स्वतःची ओळख असते, ती विचारू या."

नंबरांवर तिचा तसाही राग आहे. प्राथमिक शाळेत तिच्या नावाच्या तिघी होत्या. बाई त्यांना एक, दोन, तीन म्हणायच्या. ही दोन. अकीक्याच्या वेळी त्या नावासाठी दोन्हीकडच्या दाद्यांची आठवडाभर चर्चा चालली होती आणि शाळेत गेल्यावर राहिलं काय, तर दोन.

तिने आम्हाला समजावलं ते असं. कंपनीच्या कॉम्प्युटरला कारखान्यातच एक सिरियल नंबर मिळतो. तो मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्ये लिहिलेला असतो आणि कॅबिनेटच्या मागच्या लेबलवरही छापलेला असतो. डिस्क बदला, विंडोज बदला, तो बदलत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एक ओळ लिहिली की तो नंबर समोर येतो. दुसऱ्या ओळीने तोच नंबर कॉम्प्युटरचं नाव म्हणून लावता येतो. या ओळी एका फाईलमध्ये लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. पेन ड्राइव्हवर घ्यायची, एकेका मशीनवर ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. रीस्टार्टशिवाय नवं नाव लागत नाही.

पहिल्याच मशीनने नकार दिला. विंडोज अशा स्क्रिप्ट मुळात चालूच देत नाही, तशी परवानगी आधी द्यावी लागते. ती दिली. मग दुसरी अडचण. मुलीने नावाच्या सुरुवातीला इंग्रजीत गावाचं नाव घातलं होतं, देवळीची पाच अक्षरं आणि एक आडवी रेघ, अशी सहा जागा. आमचे चार कॉम्प्युटर एचपीचे, त्यांचा सिरियल नंबर दहा अक्षरी. बेरीज सोळा. विंडोजच्या जाळ्यातल्या जुन्या पद्धतीच्या नावाला पंधराच जागा मिळतात. सोळावी त्याने स्वतःच्या खुणेसाठी राखून ठेवलेली असते. स्क्रीनवर इशारा आला, नाव कापून लावू का? आम्ही म्हटलं, एका अक्षराने काय होतं, लाव. मुलीने हात धरला. चारही एचपी एकाच ऑफिसातून, एकाच खेपेतले. त्यांचे नंबर सुरुवातीला सारखे आणि फरक फक्त शेवटच्या एक-दोन अक्षरांत. शेवटचं अक्षर कापलं असतं तर त्यातले दोन पुन्हा एकाच नावाचे झाले असते. फॉर्मच्या चौकटीत आपल्याकडची लांब नावं बसत नाहीत आणि शेवटी नुसतं "शेख अब्दुल" उरतं, तसंच हे. तिने गावाचं नाव तीन अक्षरांवर आणलं. चौदामध्ये बसलं.

सात कंपनीवाले तासाभरात झाले. असेंबल केलेले पाच उरले आणि तिथे खरी गंमत झाली. सिरियल नंबर विचारला तर तिघांनी उत्तर दिलं, "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." म्हणजे बनवणाऱ्याने भरावं. दोघांनी उत्तर दिलं, "डिफॉल्ट स्ट्रिंग". मदरबोर्ड बनवणाऱ्याने ती जागा पुढच्यासाठी रिकामी सोडली होती आणि जोडणाऱ्याने ती भरलीच नव्हती. हसू आलं, कारण हे आम्ही रोज बघतो. फॉर्म भरायला येणाऱ्या वयस्कर माणसांच्या आधार कार्डावर बघा, कितीतरी जणांचा जन्म १ जानेवारीचा. शाळेच्या दाखल्यांवर बघा, अर्धं गाव १ जूनला किंवा १ जुलैला जन्मलेलं. कुणी सांगितली नाही म्हणून गुरुजींनी लिहून टाकली. माणसाला त्या तारखेवर पेन्शन मिळते, पण स्क्रिप्टला कॉम्प्युटरचं नाव असं ठेवता येत नाही. पाचही मशीन एकाच दिवशी जन्मलेले निघाले असते.

मग मुलीने त्यांच्यासाठी वेगळी वाट काढली. नेटवर्कच्या प्रत्येक पोर्टला मॅक ॲड्रेस असतो, बारा अक्षरांचा. पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची, शेवटची सहा त्या तुकड्याची. तिने स्क्रिप्टमध्ये अट घातली की सिरियल नंबर रिकामा किंवा असला भरताड असेल, तर मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टची शेवटची सहा अक्षरं घ्यायची. वायफायच्या डोंगलची घ्यायची नाही, कारण डोंगल आज या मशीनला, उद्या त्या. आणि प्रत्येक वेळी जुनं नाव, नवं नाव, सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस, तारीख अशी एक ओळ पेन ड्राइव्हवरच्या यादीत आपोआप पडेल, हेही तिने केलं. आमच्या मते सगळ्यात कामाची गोष्ट तीच.

नावं मात्र वाचवेनात. बॅचमधल्या मुलाला "त्या अमुक-तमुक दहा अक्षरांवर बस" असं कोण सांगणार? मुलं आपली "खिडकीवाला", "पंख्याखालचा", "आवाज करणारा" म्हणत राहिली. यावर आमचा आणि मुलीचा थोडा वाद झाला. आमचं म्हणणं, टेबलाचा नंबर नावात घाल. तिचं म्हणणं, मशीन टेबल बदलतं, मग पुन्हा तेच होईल. शेवटी नंबर टेबलांवर रंगवले आणि कॅबिनेटवर मागे-पुढे पूर्ण नाव छापून चिकटवलं, शेवटची चार अक्षरं मोठी. कुणाची फाईल ठेवली तर रजिस्टरमध्ये ती चार अक्षरं लिहायची, टेबलाचा नंबर नाही. आणि त्याच वेळी पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत. ही दुसरी प्रत आधीच ठेवली असती तर बाकी काहीच घडलं नसतं, हे आम्हाला कळतं. मुलीने ते बोलून दाखवलं नाही.

यंदा जूनमध्ये पहिल्याच पावसात वीज पडली आणि असेंबल केलेल्या एका मशीनचा लॅन पोर्ट जळाला. नवीन कार्ड बसवलं. आम्ही हौसेने स्क्रिप्ट चालवली, तर तिने नव्या कार्डाचा पत्ता वाचून त्याला भलतंच नाव दिलं, जणू आजच दुकानातून आलं. रात्री नागपूरला फोन केला. मुलगी म्हणाली, "अब्बू, यादीतली जुनी ओळ खोडू नका. तिच्याखाली नवी लिहा, आणि का बदललं तेही लिहा." तसं लिहिलं आहे. चिठ्ठीही बदलली.

ती जिनिंगवाल्या भावाची मुलगी आता सुट्टीत टायपिंगला येते. फी आम्ही घेत नाही, ती पैसे टेबलावर ठेवून जाते, आम्ही ते तिच्या वडिलांकडे परत पाठवतो, असं चालू आहे. बसण्याआधी ती वाकून कॅबिनेटवरची चार अक्षरं वाचते, स्क्रीनवरच्या नावाशी ताडून बघते आणि मग खुर्ची ओढते.