म्हारकीची मजुरी

मागच्या महिन्यात पुतण्या फाईल घेऊन आला. वाकडात आता बघावं तिकडं टॉवर. भूमकर चौकात हिंजवडीच्या गाड्यांची रांग संध्याकाळी हलत नाही. त्या गर्दीतून पोरगा घामानं डबडबून आला आणि म्हणाला, "नाना, तुमची सही पायजे. आपण म्हार वतनदार होतो हे दाखवायचंय."

मला हसू आलं. बापानं १९५६ साली नागपूरला जाऊन जे अंगावरून उतरवलं, ते आता मी कागदावर सिद्ध करायचं. साक्षीपुराव्यासकट.

प्रतिज्ञापत्र वकिलानं टाईप करून दिलेलं. त्यात एक ओळ होती : आमचे पूर्वज पिढ्यानपिढ्या गावाची सेवा इमानेइतबारे करीत आले. त्या 'सेवा' शब्दावर मी अडलो. दोस्तहो, तुम्हीही अडावं म्हणून हे लिहितोय.

आजा येसकर होता. चावडी झाडायची. सरकारी अंमलदाराचं बोचकं डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची शीव गाठायची. कुणी मेलं की पाव्हण्यांना वर्दी द्यायला रात्रीच निघायचं. मेलेलं ढोर ओढायचं. आणि दिवस मावळला की काठी आपटत घरोघर भाकरी मागायची. आज्याला ताप आला तर बाप जायचा. बाप नसला तर आजी जायची. पाळी चुकवायची सोय नव्हती, कारण वतन माणसाचं नव्हतं, घराण्याचं होतं. पोटातलं पोरसुद्धा नोकरीला लागलेलंच.

पण आजा याला गुलामी म्हणायचा नाही. "आरं, बावन्न हक्क हायती आपलं. बेदरच्या बादशानं दिल्यात. म्हाराबिगर गावाचं पान हालत न्हाय." बोलताना त्याची मान ताठ व्हायची. भाकरी मागताना मात्र तीच मान खाली. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण देवानं नेमून दिलंय म्हटलं की दिसलेलंही सोसतं.

अभ्यास-वर्गात पोरं विचारतात, गुलामी तर अमेरिकेत काळ्यांची. आपल्याकडं कुठं बाजार भरत होता? भरत होता. पेशवाईत पुण्यात कुणबिणी विकल्या-घेतल्या जात, त्याचे कागद आहेत. कंपनी सरकारनं १८४३ च्या पाचव्या कायद्यानं गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. छान झालं. पण पुढं १८७४ साली इंग्रजांनीच वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि आज्याच्या आज्याला जन्मानं चिकटलेली चाकरी सरकारी दफ्तरात पक्की करून टाकली. माणूस विकता येणार नाही. बांधून मात्र ठेवता येईल. असली ही मुक्ती.

त्याच्या एकच वर्ष आधी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि काळ्या गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना दोन्ही बेड्या एकाच भट्टीतल्या दिसल्या. तिकडचे मळेवाले बायबल काढून दाखवायचे, नोहाच्या शापाची गोष्ट सांगायचे. गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस त्याच बायबलावर हात ठेवून म्हणायचा, मालकाचा ख्रिस्त तो ख्रिस्तच नव्हे. म्हणजे तिकडं एकाच पोथीवर दोन बाजूंनी भांडण तरी होत होतं. आमच्या पोथीत ती फटच ठेवली नव्हती. मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून बघा. मालकानं सोडलं तरी शूद्राचं दास्य सुटत नाही, कारण ते त्याच्या स्वभावातच आहे, असं तिथं ठरवून ठेवलंय. मग शूद्राच्याही खालच्याचं काय? त्याला सोडायला तर मालकही एकटा नाही. सगळा गावच मालक. बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून तोलली ती इथंच. गुलाम मेला तर मालकाचे पैसे बुडतात, म्हणून तो त्याला खाऊपिऊ घालतो. येसकर मेला तर गावाचं काय जातं? त्याचं पोरगं असतंच.

१ ऑगस्ट १९५९ ला कनिष्ठ गावकामगारांची वतनं बंद झाली. आजी सांगायची, त्या दिवसांत घरात चूल पेटली नाही इतकं भांडण झालं. बाप पिंपरीला पेनिसिलीनच्या कंपनीत नुकताच लागलेला. म्हणाला, "बा, ती काठी चुलीत घाल."

"घालतो. पर जमिनीचं काय?"

"जमीनबी सोड. म्हारकीची जमीन खाशील तर म्हारकीच खाशील."

सरकारनं सांगितलं होतं, कब्जेहक्काची रक्कम भरा आणि जमीन आपल्या नावावर करून घ्या. बापानं एक पैसा दिला नाही. चुलत्यानं शेरडं विकून रक्कम भरली. दोघं भाऊ मरेपर्यंत नीट बोलले नाहीत.

मी लहानपणी बापाच्या बाजूनं होतो. त्याच्यासारखा स्वाभिमानी माणूस मी पाहिला नाही. पण पुढं १९२८ सालचं मुंबई कौन्सिलातलं बाबासाहेबांचं भाषण वाचलं आणि गप्प बसलो. वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं बिल त्यांनी मांडलं होतं. मागणं साधं होतं : ज्याला चाकरी सोडायची त्याला सोडू द्या, त्याच्याकडनं पूर्ण सारा घ्या, पण जमीन त्याच्याकडंच राहू द्या. बिल १९२९ साली मागं घ्यावं लागलं. १९३९ साली हरेगावच्या परिषदेत पुन्हा वतनाचाच प्रश्न होता. बाबासाहेब म्हारकी सोडा म्हणत होते. जमीन सोडा म्हणत नव्हते. माझा बाप बाबासाहेबांच्याही पुढं गेला आणि तिथं चुकला, असं मला आता वाटतं. बापाबद्दल असं लिहिताना हात जड होतो.

कारण ती जमीन बक्षीस नव्हती. किती पिढ्यांनी किती बोचकी वाहिली, किती ढोरं ओढली, त्याची थकलेली मजुरी होती ती. अमेरिकेत १८६५ साली सुटलेल्या गुलामांना समुद्रकाठची जमीन कसायला दिली होती. त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षानं ती जुन्या मालकांना परत करायला लावली. हात मोकळे, पण रिकामे. आमच्या हातात जमीन आली ती गाठ मारून : नवीन शर्त, वर्ग दोन, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, नजराणा भरायचा. ही गाठ आम्हाला जाचते. पण आज तीच आम्हाला वाचवतेय. वीस वर्षांमागं एका बिल्डरच्या माणसानं चुलत्याचा अंगठा कुलमुखत्यारपत्रावर घेतला. परवानगी नाही, नजराणा नाही. शेजारच्या रानात सोळा मजले उभे राहिलेत आणि आमच्या तुकड्याला पत्र्याचं कुंपण. पुतण्याची लढाई त्या कुंपणाशी आहे.

म्हणून सही करायची हे मी ठरवलं होतं. फक्त पेन घेऊन 'सेवा इमानेइतबारे' एवढं खोडलं आणि वर लिहिलं, 'वेठ बिनमजुरीनं'.

पोरगा वैतागला. "नाना, शब्दानं काय फरक पडतोय? जमीन हातची जाईल."

वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, खाडाखोड केलेला कागद चालत नाही. मी म्हटलं, मग नवा टाईप करा, पण माझा शब्द घालून. तो म्हणाला, कचेरीत असला शब्द लिहीत नाहीत, साहेब विचारतील. विचारू देत, म्हटलं. सांगायला मी येतो.

पुतण्या नवा स्टँपपेपर आणायला गेलाय. तो यायच्या आत हे स्टेन्सिलवर घ्यायला पाठवतोय.