उन्हाशी गट्टी

साताऱ्याची फुलं म्हटलं, की सगळे जण कासच्या पठाराचं नाव घेतात. बरोबरच आहे. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं ते पठार ऑगस्ट-सप्टेंबरात खरोखरच बघण्यासारखं असतं. पण मित्रांनो, कासची फुलं म्हणजे पावसाची लाडकी लेकरं. वर ढग, खाली ओल, मग फुलायला काय जातंय? आज मी तुम्हाला दुसऱ्याच फुलांच्या मुलखात नेणार आहे. ही फुलं फुलतात ऐन वैशाखात, पारा चाळिशीला टेकलेला असताना आणि नळाला दिवसाआड पाणी येत असताना. ती बघायला तिकीट लागत नाही, कारण ती लोकांच्या अंगणात असतात.

मी आणि सातवीत गेलेली माझी भाची असे दोघं साताऱ्याहून निघालो ते १ मे रोजी. तारीख मुद्दाम निवडली होती. १ मे हा महाराष्ट्र दिन, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण साताऱ्यात या दिवसाचं आणखी एक महत्त्व आहे. १९९९ पासून तिथली कलाकार आणि निसर्गप्रेमी मंडळी या दिवशी ‘गुलमोहर दिन’ साजरा करतात. कुणी झाडाची चित्रं काढतं, कुणी कविता वाचतं. माणसांच्या जयंत्या आपण खूप करतो. झाडाचा असा वाढदिवस करणारं गाव मला तरी दुसरं माहीत नाही!

गुलमोहराचं फूल तुम्ही कधी नीट बघितलंय का? पाच पाकळ्यांपैकी चार लालभडक असतात आणि एक वेगळीच, पांढरट, तिच्यावर लाल-पिवळे ठिपके. खालची हिरवी-लाल निदलं सोलून नखांवर चिकटवायचा खेळ आमच्या लहानपणी होता. भाचीने तो लगेच उचलला. दहा लांब नखं करून ती बसस्टँडपर्यंत चेटकिणीसारखी चालत आली.

हे झाड मूळचं आपलं नाही बरं का. ते मादागास्कर बेटावरचं. वेन्सेस्लास बोयर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथे १८२०च्या दशकात दिसलं आणि पुढे जगभर पसरलं. गंमत म्हणजे, कुंपणाशी बाराही महिने हसणारी सदाफुलीसुद्धा मादागास्करचीच. तिच्या पानांतून काढलेल्या द्रव्यांपासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तयार होतं.

आता प्रश्न असा, की रखरखीत उन्हात गुलमोहर फुलतो कसा? त्याची युक्ती साधी आहे. झाडाचं बरंचसं पाणी पानांतून वाफ होऊन उडून जातं. म्हणून कोरड्या दिवसांत तो पानंच गाळून टाकतो. खर्च बंद! मग साठवलेल्या शिदोरीवर फुलं काढतो. आड यायला पानं नसल्यामुळे ती दुरूनही दिसतात. पळस आणि पांगाराही असंच करतात. मात्र गुलमोहर घराच्या भिंतीला लागून लावू नका. त्याची मुळं उथळ पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात. वळवाच्या एका झोडपणीत अख्खी फांदी खाली येते. घराशी लावायचा असेल तर त्याचा लहान भाऊ शोभेल असा शंकासूर लावा. फुलं तशीच, उंची मात्र बेताची.

साताऱ्याहून आम्ही पूर्वेकडची एसटी धरली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत म्हसवड. या रस्त्यावर खिडकीतून भूगोलाचा अख्खा धडा दिसतो. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर म्हसवड. तिथे पाचशे मिलिमीटरसुद्धा पडला तर लोक बरं वर्ष म्हणतात. सह्याद्री ढगांना अडवून त्यांचं पाणी काढून घेतो आणि माणदेशाकडे नुसता वारा पाठवतो. पुसेगाव सोडलं तशी हिरवी शेतं विरळ झाली, माळ सुरू झाले, माती तांबूस आणि मुरमाड दिसू लागली. भाची म्हणाली, “मामा, इथे फुलं कुठून असणार?”

म्हसवडला आम्ही माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींकडे उतरलो. त्यांच्या फाटकाशी पोहोचलो आणि भाचीचा प्रश्न जागच्या जागी विरला. फाटकावर बोगनवेल होती. पान शोधावं लागेल इतकी गुलाबी! गुरुजींनी एक झुबका तोडून तिच्या हातात दिला आणि विचारलं, “यात फूल दाखव.”

तिने गुलाबी पाकळ्या दाखवल्या.

“चूक. ती पानंच आहेत, रंगीत झालेली. फूल आत बघ.”

आत खरंच तीन नळकांडी होती. त्यातल्या एकीच्या टोकाला पांढरी, इवलीशी चांदणी उमलली होती. तेच खरं फूल. रंगीत पानांचा पसारा म्हणजे भुंग्या-फुलपाखरांसाठी लावलेली दुकानाची पाटी!

या वेलीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ती दक्षिण अमेरिकेतली. १७६७ साली बुगँव्हिल नावाच्या फ्रेंच कप्तानाचा काफिला पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला असताना ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला थांबला. सोबतच्या कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथे ही वेल टिपली आणि कप्तानाचं नाव तिला मिळालं. पण कोमेर्सोंचा मदतनीस म्हणून वावरणारा ‘पोरगा’ खरं तर झान बारे नावाची बाई होती! बायकांना जहाजावर मज्जाव असल्यामुळे तिने पुरुषाचा वेश केला होता. पृथ्वीला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. कोमेर्सों पायाने अधू होता, त्यामुळे रिओच्या टेकड्यांवरून ही वेल प्रत्यक्षात तिनेच आणली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला विचाराल तर वेलीला कप्तानाऐवजी तिचं नाव द्यायला हवं होतं.

“गुरुजी, हिला पाणी किती घालता?” भाचीने वहीच काढली.

“घालतच नाही म्हण ना. मुळं एकदा खोल गेली की महिन्यातून एखाद-दोन वेळा. हिला लाड सोसत नाहीत.”

त्यांच्या अंगणात आणखीही मंडळी होती. पायरीशी जुन्या घमेल्यात ऑफिस टाइम लावलेलं. कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतं. सकाळी ऊन चढलं की हे फूल कामावर हजर, आणि दुपार कलली की घरी. त्याची बारीक जाड पानं दाबून बघा. ओलसर लागतात, कारण तेच त्याचे पाण्याचे हंडे आहेत. मोरीच्या बाजूला गुलबक्षी. तिची पाळी चार-पाच वाजता सुरू होते. तिचं कोठार जमिनीखाली, कंदात असतं. कुंपणाला कण्हेर होती. तिला गुरं तोंड लावत नाहीत, कारण तिचं पानन् पान विषारी आहे. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दुभाजकात तुम्ही ती पाहिली असेल. घरात लहान भावंडं असतील तर तिच्यापासून जपा.

दुसऱ्या दिवशी दिघंचीवरून आटपाडीला गेलो. आता आपण सांगली जिल्ह्यात आलो. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या भावांचं माडगुळे गाव याच तालुक्यात. ‘बनगरवाडी’ मोठेपणी वाचाल तेव्हा हा माळ तुम्हाला ओळखीचा वाटेल. आटपाडीची डाळिंबं तर प्रसिद्धच आहेत.

इथे एका आजींच्या परसात तीन मोगरे होते. तिन्ही कळ्यांनी लगडलेले. मी सहज म्हटलं, “आजी, छान जोपासलेत.” तर त्या म्हणाल्या, “सात हुतं. चार ग्येलं.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी जमेल तसं लिहितो. २०१८चा पाऊस दगा देऊन गेला. सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात माण होता आणि आटपाडीही. पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत टँकर यायचा. हंडे, घागरी, बॅरल यांची रांग लागायची. अशात आजींच्या परसात सात मोगरे, दोन जास्वंदी आणि एक अनंत. शेजारीपाजारी कुजबुजू लागले, की माणसाला प्यायला पाणी नाही आणि म्हातारी फुलं जगवतेय.

“लोकांचं काय चुकत न्हवतं,” आजी म्हणाल्या. “टँकरचं पानी म्या फुलाला कदीच दिलं न्हाई. एक तांब्यासुदीक न्हाई.”

मग मोगरा जगला कसा? आजींनी आधी जास्वंदी आणि अनंत यांच्यावर पाणी सोडलं, म्हणजे देणंच सोडलं. त्या झाडांना तहान फार. ती वाळताना बघवत नव्हतं, पण इलाज नव्हता. मग घरात वापरून झालेलं पाणी मोजलं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात धुतलेलं. साबणाचं वेगळं काढलं. जे उरलं ते सात मोगऱ्यांना पुरणारं नव्हतं. तेव्हा लेकीने माहेरी येताना आणलेले तीन निवडले. “पयलं समद्यांस्नी थोडं थोडं द्यायाची. सगळीच मराया लागली. मग ठरवलं, तीनच.”

पाणी द्यायची पद्धतही बदलली. प्रत्येक झाडाजवळ एक साधं मातीचं मडकं मानेपर्यंत पुरलं आणि त्यावर थाळी झाकली. वरून ओतलेलं पाणी उन्हाने उडून जातं. मडक्यातलं मात्र मातीच्या बारीक छिद्रांतून मुळांशी झिरपतं. भोवतालची माती कोरडी असेल तर ती जास्त ओढून घेते, ओली असेल तर कमी. म्हणजे झाडाला लागेल तेवढंच! वरून आळ्यात वाळलेल्या लिंबाच्या पाल्याचा जाड थर घातला, की ऊन मातीपर्यंत पोचतच नाही. तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहत असाल तर पाचट वापरा. पाचट शेतात पेटवून देण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

मोगऱ्याचं आणखी एक गुपित आजींनी सांगितलं. जानेवारीच्या सुमाराला त्याचं पाणी तोडायचं, फांद्या छाटायच्या, पानं ओरबाडून काढायची. बघणाऱ्याला वाटतं, झाड मारलं. मग शेणखत घालून पाणी सुरू केलं की नव्या फुटीला कळ्या धरतात. संध्याकाळी त्यांनी भाचीच्या वेणीत पसाभर कळ्यांचा गजरा माळला. रात्री एसटीत त्या उमलल्या आणि आख्खी गाडी दरवळली.

शेवटचा मुक्काम सांगली, माझ्या मावसबहिणीकडे. इथे कृष्णा आहे, पाणी आहे. २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने गेलं, ते इथूनच, मिरजेहून. बहिणीच्या गच्चीत बोगनवेलीच्या दोन मोठ्या कुंड्या होत्या. हिरव्यागार, तुकतुकीत, फांद्या कठड्याबाहेर गेलेल्या. आणि फूल? औषधालाही नाही!

“खत घालते, रोज दोनदा पाणी घालते, तरी रुसलीये,” ती म्हणाली.

भाचीने वही उघडली आणि गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. “मावशी, हिला लाड सोसत नाहीत.”

कारण असं आहे. पाणी मुबलक असलं, की बोगनवेल पानं आणि फांद्या वाढवत बसते. ऊन भरपूर आणि पाण्याची थोडी ओढ असली, की वाढ थांबते आणि ती फुलांकडे वळते. म्हसवडच्या मुरमात पाणी टिकत नाही, तेच तिच्या पथ्यावर पडतं. सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवते. नुसत्या कुंडीचीच ही गोष्ट नाही. कृष्णाकाठी वर्षानुवर्षं उसाला पाटाने पाणी दिल्याने कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. पांढरा थर वर आला आणि पीक येईना. एकाच जिल्ह्यात आटपाडीच्या आजी तांब्या मोजतात, आणि इकडे जास्त पाण्याने रान वाया जातं!

बहिणीने काळ्या मातीत निम्मा मुरूम मिसळला. कुंडीत बोट खुपसायचं, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी द्यायचं, असं भाचीने तिला बजावलं. बोटाची ही परीक्षा सगळ्या कुंड्यांना चालते. पाणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्या.

निघताना गुरुजींनी भाचीला एक भेट दिली होती. पांढऱ्या चाफ्याची हातभर काठी. चाफा मूळचा मेक्सिकोकडचा. रात्री तो असा घमघमतो, की मध मिळेल म्हणून पतंग येतात आणि फसतात, कारण त्याच्याकडे मध नसतोच! ‘आठवडाभर सावलीत ठेव, चीक सुकू दे, मग मुरमात लाव,’ असं गुरुजींनी सांगितलं होतं. भाचीने सांगून होतं तसंच केलं. घरी आल्यापासून तिची आजी रोज सकाळी तांब्या घेऊन त्या काठीकडे जाते. आणि भाची रोज तिला वाटेतच अडवते.