निळ्या पाण्याची आठवण

आमची धाकटी नात गेल्या मे महिन्यांत मालवणास जाऊन आली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हल्लीं हौशी प्रवाशांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रांत उतरवतात. तशी तीहि उतरली, आणि घरीं परतल्यावर आठ दिवस तिच्या तोंडीं दुसरा विषय नव्हता. पाण्याखालीं हाताच्या खुणांनीं कसें बोलावें याचे धडे तिनें स्वयंपाकघरांत आपल्या आजीलाहि दिले. (अंगठा वर केला म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘आतां वर चला’, हें ऐकून आजी भलतीच खूष झाली.)

मग मींहि माझी जुनी पुंजी बाहेर काढली. महाविद्यालयांत असतांना एका हौशी मंडळाच्या खेळाला मीं ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा फ्रेंच चित्रपट पाहिला होता. झाक कुस्तो आणि लुई माल या दोघांनीं तो तयार केला. १९५६ सालीं कान येथील महोत्सवाचें सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालें. कुस्तो हा फ्रेंच आरमारांतला अधिकारी. १९४३ सालीं त्यानें एमिल गान्यां या यंत्रज्ञाच्या साह्यानें असें उपकरण सिद्ध केलें होतें कीं, पाणबुड्यानें श्वास ओढतांच टाकींतून हवा तेवढीच मिळावी, आणि तीहि भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें. दर दहा मीटर खोलीस हा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो; तेव्हां ही सोय नसती तर छाती फुगवणेंच कठीण! तोंपर्यंतचा पाणबुड्या बहुधा वरून सोडलेल्या नळीला बांधलेला कैदी असे. तो आतां मोकळा झाला, आणि त्याच्या पाठोपाठ कॅमेराहि.

या चित्रपटाचें वर्णन मीं घरांत किती वेळां केलें असेल, त्याची गणती नाहीं. पाण्यांतहि न विझणाऱ्या मशाली घेऊन निळ्या अंधारांत उतरणारे ते पाणबुडे. त्यांच्यामागें उसळणारे बुडबुडे. खोलवर करड्या दिसणाऱ्या पोवळ्यांवर दिवा पडतांच फुललेला तांबडा रंग, कारण पाणी तांबडा प्रकाश सर्वांच्या आधीं गिळतें. आणि माणसाळलेला तो भला थोरला मासा!

एका रविवारीं पुतण्यानें तो चित्रपट लावला. सारें घर दिवाणखान्यांत जमलें. आरंभीं मी विजयी मुद्रेनें बसलों होतों. मग तीं दृश्यें आलीं. माशांची मोजदाद करावयाची म्हणून पोवळ्यांच्या खडकांत सुरुंग उडवतात, आणि मेलेले मासे गोळा करतात. पुढें कुस्तोच्या ‘कॅलिप्सो’ नौकेच्या पंख्यानें व्हेलचें एक पिल्लूं घायाळ होतें. त्याला यातनांतून सोडवावें म्हणून गोळी घालतात. रक्तावर शार्क जमतात आणि लचके तोडूं लागतात. तें पाहून खलाशांना संताप अनावर होतो. ते त्या शार्कांना नौकेवर ओढून घेतात आणि कुऱ्हाडींनीं घाव घालतात.

“पिल्लाला जखमी केलें कोणीं, आणि शिक्षा कोणाला!” सूनबाई म्हणाल्या.

मला यांतलें कांहींच आठवत नव्हतें. विसरलों होतों असेंहि म्हणवत नाहीं. विसरायला आधीं तें मनाला लागावें लागतें.

“आबा, तुम्हीं हें पाहिलें होतें ना?” नातीनें विचारलें.

“हो.”

“मग आम्हांला कधींच कसें सांगितलें नाहींत?”

कुस्तो पुढें समुद्ररक्षणाचा मोठा पुरस्कर्ता झाला, १९७३ सालीं त्यानें त्या कार्यासाठीं संस्था काढली, हें मीं तिला सांगितलें. तें खरेंहि आहे. पण तिचा प्रश्न कुस्तोविषयीं नव्हता. त्या दिवशीं शार्कांवर घाव पडत असतां आम्ही तरुण मंडळी गप्प बसलों होतों, कीं टाळ्या वाजवीत होतों? पुष्कळ आठवून पाहिलें. टाळ्या वाजल्या असाव्यात, अशी आतां मला भीति वाटते.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर नात माझ्या खोलींत आली. “आबा, तेवढा मशालींचा भाग पुन्हां पाहूं या?”

दोघांनींच पाहिला. मशाली खोल खोल चालल्या होत्या, बुडबुडे वर येत होते.

“खालीं असाच आवाज येतो,” ती हळूच म्हणाली, “आपल्याच श्वासाचा.”