नळीतली आगगाडी

कॉन्वीच्या किल्ल्याच्या पूर्वेकडच्या बुरुजावर आज बराच वेळ उभा होतो. खाली नदीवर पूल एकमेकांना अगदी खेटून आहेत. टेलफर्डचा झुलता पूल १८२६चा, आणि रॉबर्ट स्टीफन्सनचा रेल्वेपूल त्यानंतर वीसेक वर्षांनी आलेला. फोटो काढणाऱ्याची पंचाईत इथेच होते. हा रेल्वेपूल म्हणजे लोखंडाची बंद नळी. गाडी आत शिरते, गायब होते आणि थेट किल्ल्याच्या पायथ्याशी बाहेर पडते. पुलावरची गाडी टिपायची हौस असेल तर वेल्समधलं दुसरं गाव गाठावं!

दोन्ही पुलांना किल्ल्याशी जुळावेत म्हणून दगडी बुरुज दिलेत. रुळांना वाट देताना गावाच्या तटालाही टोकदार कमान काढली. मला हे जरा नाटकीच वाटतं. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने १२८३ ते १२८७ मध्ये हा किल्ला बांधला तो वेल्श लोकांना वचकात ठेवायला. तटाआतलं बाजाराचं गाव इंग्रज वसाहतवाल्यांसाठी होतं. त्या दहशतीची नक्कल पुढे शोभा म्हणून केली गेली. म्हणून चौकटीत खरा आणि नकली बुरुज शेजारीशेजारी हवेत, दगडाचा फरक दिसेल असे.

हाच स्टीफन्सन आपल्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार होता. बोरीबंदर-ठाणे मार्ग बांधणारा जेम्स बर्कली त्याच्याच तालमीतला.

उद्याचे फोटो नदीच्या पलीकडच्या काठावरून. सकाळचं ऊन तिथून किल्ल्याच्या तोंडावर येतं. भरतीची वेळ तेवढी पाहायला हवी, नाहीतर निम्म्या फोटोत चिखलच.