परंड्याच्या वाटेवर एक जुनी गाडी

आषाढी वारीच्या दिवसांत पैठणहून निघालेली नाथांची पालखी परंड्यावरून पंढरीकडे जाते. त्या वेळी तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलात, तर दिंड्यांबरोबर जाणाऱ्या मालमोटारींकडे जरूर पाहा. हौद्यात वळकट्या, शिधा, भांडी, पाण्याचे पिंप आणि चालवेनासे झालेले एखादे वृद्ध माणूस. चाकांवरचे घर आपल्याला परके नाही. ‘कॅराव्हॅन’ हा शब्द तेवढा नवा.

आईवडिलांना चार गावे दाखवावीत म्हणून असे घर घेण्याचा विचार तुमच्याही मनात आला असेल. नवे परवडत नाही, तेव्हा बारा-पंधरा वर्षे चाललेली टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात घ्यावी आणि मागची आसने काढून तेथे झोपण्याजोगी बाके बसवावीत. बेत चांगला आहे. वृद्धांचा प्रवास तिकिटापायी क्वचितच अडतो, स्वच्छतागृहापायी मात्र नेहमी. वाटेत सोय नसेल या धास्तीने ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वयोमानाने तहान आधीच कमी जाणवते. मग चक्कर, मलावरोध, लघवीचा त्रास. पडद्याआड ठेवलेली एक कमोड-खुर्ची यातले पुष्कळसे टाळू शकते.

गाडी पाहायला जाताना मेकॅनिकला न्याच, पण ज्यांच्यासाठी ती घ्यायची त्या वडिलांनाही न्या. त्यांना तीन वेळा चढू-उतरू द्या. पहिली पायरी उंच असेल, तर खाली जोडपायरी आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे हवेत. बाकावर आडवे होऊन, उठून, क्षणभर बसून मग उभे राहता येते का, टपाला डोके लागते का, हे त्यांचे शरीरच सांगेल. नंतर तळाचे आच्छादन उचलून गंज पाहा. दारे लावून घ्या आणि वास घ्या. कुबट वास म्हणजे टपातून झिरपणारे पाणी आणि बुरशी. घरात दमेकरी असेल, तर ती गाडी फुकटही नको.

कागदांकडे मात्र कोणी नीट पाहत नाही! नोंदणीवर कर्जाचा बोजा आहे का? खासगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. आसने काढून रचना बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्या, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो. हा सारा खर्च मांडल्यावर ‘स्वस्त’ गाडी किती स्वस्त उरते, ते पाहूनच भाव करा.

पहिली सफर परंड्याचीच करा, हिवाळ्यात. कारण साधे आहे: हा किल्ला भुईकोट आहे, डोंगर चढावा लागत नाही. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ येथे होती. विजापूरची ती सुमारे ५५ टनांची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ मध्ये येथूनच नेली. एवढे धूड त्या काळच्या वाटांनी हलवले. तुमच्या गाडीला तासा-दीड तासाने थांबायला काय हरकत आहे? प्रत्येक थांब्यावर वडिलांना खाली उतरवून दहा मिनिटे चालवा. बराच वेळ पाय लोंबकळत बसल्याने सूज येते, कधी पायांत रक्ताची गुठळीही होते. लघवी वाढवणारी गोळी कोणत्या वेळी द्यावी, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

रात्रीचा मुक्काम वस्तीजवळ, विचारून करा. झोपताना इंजिन चालू ठेवू नका आणि आत शेगडी पेटवू नका. तो विषारी वायू वासाने कळत नाही. इन्सुलिन बंद गाडीत विसरू नका.

किल्ल्यातल्या पायऱ्या त्यांना जमल्या नाहीत, तर बुरूज तुम्ही एकट्याने पाहून या. गाडी खंदकाजवळ सावलीत लावलेली असेल. दार उघडे ठेवून आई चहा ओतत असेल. परतताना वेळ उरला, तर सीनेकाठच्या डोमगावी कल्याणस्वामींची समाधी आहे. तेथेही वडिलांना चालवेल तेवढेच चालवा.