राक्षसांचे रीतिरिवाज कोणी लिहिले?

राक्षस कसे दिसतात, काय खातात, कुठे राहतात, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही पाठ असतं. रंग काळा, दात बाहेर आलेले, केस पिंजारलेले. राहणं अरण्यात, खाणं मांस, पिणं दारू, झोप कुंभकर्णाची. काम एकच, ऋषींचे यज्ञ मोडायचे. लग्नाची एक पद्धतसुद्धा त्यांच्या नावावर आहे. मुलीच्या माणसांना मारून तिला रडत-ओरडत पळवून नेणं याला मनुस्मृती 'राक्षस विवाह' म्हणते. आणि हाच विवाह क्षत्रियाला चालतो, असंही तीच मनुस्मृती सांगते. म्हणजे कृत्य राजघराण्याचं आणि नाव राक्षसाचं!

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. कोणत्याही समाजाचं वर्णन वाचताना आधी विचारायचं की माहिती कोणी दिली. तो समाज स्वतः बोलला, की त्याच्याशी भांडण असलेल्या माणसाने सांगितलं? हा प्रश्न राक्षसांना लावला की सगळा डोलारा हलतो. राक्षसाने लिहिलेला एकही ग्रंथ आपल्या हातात नाही. आहे ते सगळं यज्ञ करणाऱ्यांनी लिहिलेलं. ज्याला मारायचं त्याचं चरित्र मारणाऱ्यानेच लिहिलं, तर त्यात दात लांबच असणार.

परभणी जिल्ह्यात पोरांच्या शिक्षणाचं काम करत आम्ही गंगाखेड, पालम, पूर्णा तालुक्यांतल्या वस्त्यांवर फिरतो. एका गावात शाळेच्या स्नेहसंमेलनात रामायणातला प्रसंग बसवला होता. राम-सीता-लक्ष्मण गावातले, आणि राक्षसांची फौज अख्खी आमच्या वस्तीतली. तोंडाला काजळ फासायचं काम तेवढं बाकी होतं. त्यातल्या पाचवीच्या एका पोरीने आम्हाला विचारलं, "राक्षस माणसं खायचे, हे बघायला कोण गेलं होतं?" या पोरीने कोणताही ग्रंथ वाचलेला नाही. पण पंडितांना जो प्रश्न पडला नाही, तो तिला पडला.

काहीजण म्हणतील, गोष्टीतली माणसं आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण गोष्टीतले राक्षस आणि गावकुसाबाहेरची माणसं यांचं वर्णन एकाच साच्यातून निघालेलं आहे. घाणेरडं खातात, गावात राहत नाहीत, सावलीसुद्धा नको, धर्मकार्यात विघ्न आणतात. मेलेलं जनावर ओढायची सक्ती गावाने केली, आणि ते मांस खाल्लं म्हणून नीचही गावानेच ठरवलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडा, असं बजावलं ते याचसाठी. माणसाला आधी राक्षस म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं. त्याला मारणं हे पाप राहत नाही, त्याचा सण होतो. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, तेव्हा याच मराठवाड्यात आमच्या माणसांची घरं पेटवली गेली. पेटवणाऱ्यांना समोर माणूस दिसला असता, तर काडी ओढायला हात धजावला असता का?

हा डाव पहिल्यांदा उलटवला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादातून त्यांनी पुराणांची उलटतपासणी केली. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, या भूमीचे राखणदार, असं त्यांनी सांगितलं. बळी हा दैत्य नव्हे, रयतेचा राजा. खंडोबा, म्हसोबा हे त्याच्या राज्यातले अधिकारी. जोतीरावांनी हवेतून काही आणलं नव्हतं. आमच्या आया-बाया दिवाळीला ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" असंच म्हणत आल्या आहेत. वामनाने तिसरं पाऊल डोक्यावर ठेवून ज्याला पाताळात घातला, त्याचं राज्य परत यावं असं शेतकऱ्याची बाई मागते. वामनाचं राज्य येवो, असं कोणी मागितल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. केरळात तर बळी वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो, म्हणून ओणम साजरा होतो. झारखंडात लोखंड गाळण्याची जुनी विद्या असलेली 'असुर' नावाची जमात आजही आहे. दुर्गापूजेचा जल्लोष चालू असतो, तेव्हा त्यांच्यातली काही कुटुंबं महिषासुराचा शोक पाळतात.

इथपर्यंत आमच्या कार्यकर्त्यांत मतभेद नाहीत. खरा वाद पुढे आहे. हल्ली आपलीच काही तरुण मुलं बळीराजाची जन्मतारीख, वंशावळ, राजधानी असं सगळं मोबाइलवर फिरवतात. पुरावा विचारला की चिडतात. काही ठिकाणी बळीच्या फोटोला नारळ फुटू लागले आहेत. आम्हाला हे धोक्याचं वाटतं. भटाने रचलेला राक्षस नाकारायचा आणि आपण रचलेला देव मखरात बसवायचा, यात गुलामगिरी संपत नाही, फक्त पुजारी बदलतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा काही देवांची यादी बदलण्यासाठी नव्हत्या.

मग जोतीरावांचा बळी खोटा का? नाही. तो आपला युक्तिवाद आहे. बाबासाहेबांची पद्धत पाहा. नागपूरच्या भाषणात त्यांनी नाग लोकांचा वारसा अभिमानाने सांगितला. पण १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधणारा ग्रंथ लिहिताना प्रस्तावनेतच कबूल केलं, की जिथे दुवे तुटलेले आहेत तिथे तर्काने जोडावं लागलं आहे. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, हे वाचकाला सांगून पुढे जाणं याला प्रामाणिकपणा म्हणतात. जोतीरावांनी पुराणाला प्रश्न विचारले, म्हणून ते आपले गुरू. त्यांच्या उत्तरांना प्रश्न विचारायला आपण घाबरलो, तर आपण त्यांचे शिष्य कसले? केवळ परंपरेने आलं, ग्रंथात लिहिलं, गुरूने सांगितलं म्हणून मानू नका, असं तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं. त्यात 'आपल्या बाजूचं असेल तर माना' अशी सवलत नाही.

तथागतांचा राक्षसांशी वागण्याचा मार्गही वेगळा आहे. आळवक यक्ष त्यांना दरडावून बाहेर जा, आत ये म्हणतो. तथागत तीनदा ऐकतात, चौथ्यांदा नकार देतात आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात. शेवटी यक्ष शरण येतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेणीत हारितीची मूर्ती आहे. लोकांची लेकरं खाणारी ही यक्षिणी. तथागत तिचं धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली लपवतात, आणि आईचं दुःख काय असतं हे तिला स्वतःला कळतं. पुढे तीच लेकरांची राखण करणारी होते. एका परंपरेत राक्षसाच्या छातीत बाण जातो, दुसऱ्या परंपरेत त्याच्याशी बोलणं होतं. कोणती परंपरा माणसाला माणूस मानते, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. येत्या स्नेहसंमेलनात आपल्या पोरांना राक्षस करणार असतील, तर पालकांनी शाळेत जाऊन शांतपणे विचारावं, हे पात्र आमच्याच वस्तीच्या वाट्याला का? घरी पोरांना बळीची गोष्ट जरूर सांगा. पण सांगताना ही गोष्ट आहे, ही कोणी सांगितली आणि का सांगितली, हेही सांगा. पोराने मध्येच "कशावरून?" असं विचारलं, तर त्याला गप्प करू नका. आपल्या चळवळीची सुरुवातच त्या शब्दाने झाली आहे.

जय भीम!