मागे टांगलेल्या सायकली

मनुष्य वाटेला लागला म्हणजे त्याची दृष्टी स्वाभाविकच पुढे असते. पुढचे वळण, पुढचा खड्डा, समोरून येणारी गाडी यांकडे तो लक्ष देतो. परंतु आपल्या पाठीमागे आपण काय बांधले आहे आणि कसे बांधले आहे, याचा त्याला दोन कोसांच्या आत विसर पडतो. या विसरामुळे माझ्या हातून एकदा जे घडले, ते वाचकहो, आज आपणापुढे मांडावयाचे आहे. त्यात माझी शोभा नाही. तथापि आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे जत्रेला, लग्नाला अथवा कामाच्या शोधात ट्रॉली जोडून निघतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोडणीची बिऱ्हाडे आपल्या सीमाभागात येतात, तेव्हा ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या आणि लेकरे असतात, आणि जागा उरली नाही म्हणजे सायकल मागच्या फाळक्याला लटकते. अशा सर्वांच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील ही गोष्ट. भालकी तालुक्यातील काही तांड्यांवरची मुले हायस्कुलासाठी रोज चार-पाच किलोमीटर पायी जात असत. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्यास प्रारंभ केला होता; परंतु कोरोनाच्या काळात ते वाटप खंडित झाले. इकडे कलबुर्गी शहरात मात्र थोरल्या भावंडांच्या जुन्या सायकली घरोघरी जिन्याखाली गंजत पडलेल्या. चार घरी शब्द टाकला आणि आठ सायकली जमल्या. त्याच फेरीत मुलांच्या उन्हाळी शिबिराचे सामान न्यावयाचे होते: तांदूळ, तुरीची डाळ, मोठी पातेली, सतरंज्या. जीपच्या मागे जोडावयाची दोन चाकांची एक हलकी ट्रॉली उसनी मिळाली. पाच सायकली आत आडव्या रचल्या, पोती व पातेली उतरवण्यास सोपी जावीत म्हणून फाळक्याजवळ ठेवली, आणि उरलेल्या तीन सायकली फाळक्याच्या बाहेर टांगल्या. बांधण्यासाठी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या व एक नायलॉनची दोरी. पट्ट्या चाकांभोवती गुंडाळल्या, दोरी वरून फिरवली, हाताने एकदा हलवून पाहिले आणि मनाशी म्हटले, "झाले पक्के."

कलबुर्गीहून हुमनाबादकडे जाणारा रस्ता प्रथम काळ्या, तुरीच्या जमिनीतून जातो. तांबड्या केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले कमलापूर मागे पडले म्हणजे पुढे हळूहळू बीदरच्या पठाराची तांबडी जांभ्याची माती दिसू लागते. गाडी चालवणारा आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण होता. एका उतारावर जीपने वेग घेतला, तोच ट्रॉलीचे शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागले आणि जीपच्या पाठीला हिसके बसू लागले. मुलाने शहाणपणाने ब्रेक दाबला नाही. चाक सरळ धरून वेग उतरू दिला. झोके थांबले. आम्ही दोघेही हसलो आणि पुढे निघालो. वास्तविक तेथेच उतरून पाहावयास हवे होते. संकटाने एकदा दार ठोठावले होते. मी ऐकले नाही.

पुढे एका गावाच्या वेशीवर गतिरोधक होता. जीप ओलांडून गेली, ट्रॉलीची चाके उसळली आणि मागून कर्कश आवाज आला. सर्वांत बाहेरची सायकल रस्त्यावर पडली होती. मागून मोटारसायकलीवर एक गवंडी, त्याची पत्नी आणि पुढे टाकीवर बसवलेली लहान मुलगी येत होती. सायकल चुकवताना त्याची गाडी घसरली. मुलीला ओरखडाही आला नाही, पत्नीचा गुडघा सोलला. परंतु पडताना मुलीला सावरण्यासाठी त्याने जो उजवा हात पुढे केला, तोच मनगटाजवळ मोडला. गवंड्याचा उजवा हात म्हणजे त्या घराची चूल. तो दोन महिने कामावर जाऊ शकला नाही. त्याने माझ्याविरुद्ध एक अक्षर काढले नाही. पण त्याच्या अंगणात धान्याचे पोते ठेवताना, आपण भरपाई करीत आहो की आपल्याच मनाची समजूत घालीत आहो, हे मला कळत नसे.

त्यांना दवाखान्यात पोचवून आम्ही ट्रॉलीपाशी परतलो, तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. जीपपासून ट्रॉली सोडवण्यासाठी मुलाने हुकाची पिन ओढली, तोच ट्रॉलीचा पुढचा लोखंडी दांडा सपकन वर उसळला आणि मागचा भाग धाडकन जमिनीला टेकला. मुलाचे डोके वीतभर अंतराने वाचले. तेथे जमलेल्या मंडळींत एक वृद्ध शेतकरी होते. ते पुढे येऊन म्हणाले, "फादर, राग मानू नका. गाडी उलाळ झाली होती तुमची. बैलं असती तर गळ्याला फास बसला असता अन् त्यांनी पाय रोवले असते. जीप मुकी. तिला सांगता येत न्हाई."

"आबा, उलाळ म्हणजे नेमके काय, ते मला नीट समजावून सांगा," मी म्हटले.

त्यांनी सांगितले ते आपल्यापैकी ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना ठाऊक असेलच. परंतु नव्या पिढीसाठी लिहून ठेवतो. गाडी ही आपल्या आसावर तराजूच्या दांडीप्रमाणे तोललेली असते. आसाच्या पुढचे ओझे जू खाली दाबते, मागचे ओझे जू वर उचलते. पुढे फार झाले म्हणजे बैलांच्या खांद्यांना जखमा होतात. मागे फार झाले म्हणजे जू वर उठून गळ्याचे पट्टे आवळतात आणि चढावर गाडी मागे उलटते. म्हणून जाणता गाडीवान ओझे असे रचतो की खांद्यावर थोडासाच भार राहावा, पण राहावा अवश्य. चढ लागला की तो स्वतः पुढे सरकून बसतो, ते उगीच नव्हे.

सेमिनरीत मी तत्त्वज्ञानाचे जाड ग्रंथ वाचले. तरफेचा नियम तर शाळेतच पाठ केला होता. त्या रात्री कागद घेऊन तोच नियम आमच्या ट्रॉलीला लावून पाहिला. समजा, आसापासून हुक २ मीटर पुढे आहे आणि टांगलेल्या सायकली दीड मीटर मागे आहेत. साधी भारी सायकल सुमारे २० किलोची. तिन्हींचे ६० किलो. साठाला दीडने गुणून दोनने भागले म्हणजे ४५ येतात. याचा अर्थ असा की त्या तीन सायकलींनी हुकावरचा ४५ किलो भार उचलून घेतला. हुकावर मुळात ४० किलो भार असता, तरी तो नाहीसा होऊन दांडा उलट ५ किलोंनी वर ओढला गेला असता. आणि आम्ही तर पोतीही मागेच ठेवली होती! त्याच सायकली आसाच्या १ मीटर पुढे ठेवल्या असत्या, तर हुकावर ३० किलो भार वाढला असता. वजन तेच, जागा बदलली म्हणजे त्याचा स्वभाव बदलतो.

उतारावरच्या झोक्यांचे कारणही हेच. शेपटाशी वजन असले आणि हुकावर दाब नसला, म्हणजे ट्रॉली घड्याळाच्या लंबकासारखी होते. एका मर्यादेच्या पुढे वेग गेला की प्रत्येक झोका आधीच्या झोक्याहून मोठा होत जातो. अशा वेळी एकदम ब्रेक मारू नये आणि चाक उलटसुलट फिरवू नये. चाक सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा, आणि मग अवश्य थांबावे. हसून पुढे जाऊ नये.

हा प्रश्न केवळ आपल्या खेड्यांचा आहे असे मात्र नाही. युरोप-अमेरिकेत कुटुंबे सुटीत मोटारीच्या मागे चाकांवरचे हलके घर जोडून फिरावयास निघतात आणि मुलांच्या सायकली त्या घराच्या पाठीला अडकवतात. तेथेही जाणते लोक हेच बजावतात. भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकावर असावा असे ब्रिटनमध्ये सांगतात. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. शिवाय अशा हलक्या घराच्या मागचा आडवा दांडा पुष्कळदा पातळ पोकळ लोखंडाचा असतो. सायकलींचे वजन खड्ड्याखड्ड्यांतून हिसके देत राहिले की तो डागलेल्या सांध्याशी तडकतो. म्हणून सायकली अडकवण्याची चौकट मुख्य सांगाड्यालाच घट्ट जोडावी, अथवा ती पुढे हुकाकडच्या दांड्यावर बसवून तिचा भार हिशेबात धरावा, असा तेथील सल्ला आहे. आमच्या आबांनी हे देश पाहिलेले नाहीत. पण त्यांच्या एका शब्दात तो सारा सल्ला सामावला होता.

आता बांधण्याविषयी. ट्यूबची पट्टी ओढून धरते हे खरे. परंतु ती ताणते, उन्हात भेगाळते आणि प्रत्येक खड्ड्याला सायकलीला झोका घेऊ देते. ती मदतीला असावी, एकटी नसावी. दुसरी चूक म्हणजे चाकाला बांधणे. चाक हे फिरण्यासाठीच केलेले असते; ते फिरले की दोरी सैल होते. सायकलीचा मधला सांगाडा दोन ठिकाणी आणि हॅण्डल एका ठिकाणी, असे निदान तीन जागी बांधावे. चाके नंतर वेगळी आवळावीत, म्हणजे वाऱ्याने फिरणार नाहीत. पॅडल शेजारच्या सायकलीच्या तारांत घुसते, सबब ते काढावे किंवा आत वळवून बांधावे. दोन सायकलींच्या मध्ये पोत्याचा तुकडा घालावा, आणि एकीचे तोंड पूर्वेला तर दुसरीचे पश्चिमेला करावे. मागचे लाल दिवे, इशाऱ्याचे दिवे आणि नंबराची पाटी झाकली जाऊ नये. सामान ठरलेल्या मर्यादेबाहेर आले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भयापेक्षा मागून येणाऱ्याचे भान अधिक मोलाचे. आणि निघाल्यावर पहिल्या पाच किलोमीटरांत एकदा थांबून प्रत्येक गाठ हाताने तपासावी, कारण नवी दोरी प्रथम तेथेच सैलावते. पुढेही जेथे चहाला थांबाल तेथे आधी मागे जावे, मग चहा घ्यावा.

जागा असेल तर सर्वांत उत्तम म्हणजे सायकली मागे टांगूच नयेत. त्या ट्रॉलीच्या आत, आसाच्या किंचित पुढे उभ्या कराव्यात आणि जड पोती त्यांच्या तळाशी आसाजवळ ठेवावीत. एका खेपेच्या जागी दोन खेपा झाल्या तरी चालेल. मी डिझेलचे चारशे-पाचशे रुपये वाचवले होते. ते कोणाच्या मनगटातून वाचवले, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या वर्षी पुन्हा काही सायकली जमल्या. ट्रॉली भरीत असताना दाराशी कोण उभा राहावा? तोच गवंडी. त्याचा हात बरा झाला होता, मनगट मात्र किंचित वाकडेच बसले होते. जवळच कोठे बांधकामावर तो आला होता आणि आम्ही सायकली नेणार असल्याचे त्याच्या कानी गेले होते. काही न बोलता त्याने माझ्या हातातील दोरी घेतली, मी मारलेल्या गाठी सोडल्या आणि एकेक सायकल स्वतः बांधली. गवंडी परांची बांधताना बल्ल्यांना दोरीचे जे फेरे देतात आणि मधून आडवे फेरे घालून ते आवळतात, तीच ती रीत. बांधून झाल्यावर त्याने सायकलीवर आपल्या अंगाचा सारा भार टाकून पाहिला.

"फादर, ह्या गाठीवर मी तिसऱ्या मजल्याला उभा राहतो," तो म्हणाला. "माझ्या हातानं बांधलेलं सुटत न्हाई. तुम्ही मात्र वाटेत उतरून बघा."

मी वाटेत तीनदा उतरलो. एकही गाठ सैल झाली नव्हती. तरीही प्रत्येक वेळी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि मागच्या रस्त्याकडे पाहिले. दूरवरून कोणी मोटारसायकलीवर येत होते. पुढे लहान मूल बसलेले दिसत होते. ती गाडी आमच्या शेजारून सुखरूप निघून जाईपर्यंत मी तेथेच थांबलो, आणि मग आम्ही पुढे निघालो.